ओळीच्या टोकाला बैल वळतो

सापशिडीच्या पटावर सोंगटी १० वर उभी आहे आणि फाशावर एक पडला, तर ती सरळ वरच्या घरात चढते. ११ हे घर १० च्या डोक्यावरच असतं. तिथून सोंगटी उजवीकडून डावीकडे चालू लागते, २० वर पोचली की पुन्हा एक घर वर आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे. म्हणून १०० चं घर वरच्या डाव्या कोपऱ्यात येतं. पाच वर्षांच्या पोरालाही हे समजावून सांगावं लागत नाही. त्याची सोंगटी आपसूक वळते. या चालीला इंग्रजीत एक शब्द आहे आणि तो मात्र मोठ्यांच्याही जिभेला वळत नाही: बूस्ट्रोफीडन. काही जण त्याचा उच्चार बाउस्ट्रोफीडन असा करतात. जोर 'फी'वर द्यायचा, बाकीची अक्षरं पटकन उरकून टाकायची, म्हणजे निभावून जातं.

शब्दकोशात अर्थ सापडतो तो लिखाणाचा. एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे, तिसरी पुन्हा डावीकडून, अशी लिहिण्याची पद्धत. शब्द ग्रीक आहे आणि त्याचे तीन तुकडे सहज सुटे होतात. 'बूस' म्हणजे बैल किंवा गाय. 'स्त्रोफे' म्हणजे वळणं. शेवटचं 'दोन' हे आपल्या 'सारखं' किंवा 'प्रमाणे'च्या जातीचं शेपूट. ते लागलं की शब्दाचं क्रियाविशेषण होतं. सगळं मिळून: बैल वळतो तसं. नांगराला जुंपलेला बैल तास, म्हणजे नांगराने मातीत पाडलेली रेघ, संपलं की बांधाशी वळतो आणि शेजारच्या तासातून परत येतो, तसं.

पहिला तुकडा आपल्या घरचाच आहे. ग्रीक 'बूस', लॅटिन 'बोस', संस्कृत 'गौः' आणि इंग्रजी 'काऊ' हे चारही एकाच मूळ शब्दाचे वंशज. मूळ शब्दाच्या आरंभी 'ग्व' असा जोडध्वनी होता. संस्कृतात त्याचा 'ग' झाला, ग्रीकमध्ये 'ब', इंग्रजीच्या घराण्यात 'क'. हा योगायोग नव्हे हे दुसऱ्या एका त्रिकुटावरून कळतं: संस्कृत 'गम्', ग्रीक 'बाइनो', इंग्रजी 'कम'. तिथेही तेच तीन ध्वनी, त्याच क्रमाने. म्हणजे 'बूस्ट्रोफीडन' हा परका वाटणारा शब्द आपल्या 'गाय-गोठा-गोवऱ्या'चा चुलत नातेवाईक निघतो.

हा 'बू' इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी लपून बसला आहे. 'बटर' हा ग्रीक 'बूत्युरॉन'वरून, म्हणजे शब्दशः गाईचं चीज. 'बुलिमिया' म्हणजे बैलाची भूक. 'हेकॅटोम' म्हणजे शंभर बैलांचा बळी. 'बॉस्फरस' या सामुद्रधुनीच्या नावाचा अर्थ बैल पार होतात ती वाट असा लावतात. इंग्रजांच्या 'ऑक्सफर्ड'चा अर्थही थेट तोच, बैलांचा उतार. एका ठिकाणी समुद्र, दुसऱ्या ठिकाणी ओढ्याएवढी नदी, बारसं मात्र एकाच जनावरावरून.

'स्त्रोफे'चा पसाराही लहान नाही. 'कॅटॅस्ट्रफी' म्हणजे उलथणं. 'अपॉस्ट्रफी' म्हणजे दुसरीकडे तोंड वळवणं. ग्रीक नाटकात समूहगान करणारे रंगभूमीवर एका दिशेने सरकत जे कडवं म्हणत त्याचं नाव 'स्ट्रोफी', आणि उलट फिरून म्हणत ते 'अँटिस्ट्रोफी'. लॅटिनने तर नांगर आणि ओळ यांना एकाच शब्दात बसवलं. लॅटिन 'व्हर्सुस'चा अर्थ वळण, नांगराचं तास आणि लिखाणाची ओळ असा तिन्ही. त्याचंच पुढे इंग्रजी 'व्हर्स' झालं. हा 'व्हर्सुस' ज्या धातूचा, तोच संस्कृतात 'वृत्' म्हणून नांदतो. आपलं 'आवृत्ती', 'परिवर्तन', 'वर्तुळ' आणि कवितेचं 'वृत्त' त्याच मुळीची. 'प्रोज', म्हणजे गद्य, ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ न वळता सरळ पुढे गेलेलं. आणि लॅटिनमध्ये तासाला 'लीरा' असाही एक शब्द होता. नांगर त्या लीरेतून बाहेर भरकटला की 'देलिरारे'. तापात बरळणाऱ्या माणसाला 'डिलिरियम' झाला म्हणतात तो यावरूनच. आपण हस्ताक्षराला 'वळण' म्हणतो आणि बिघडलेल्या पोराला 'वळण लावतो', तेव्हा नांगर डोळ्यांपुढे नसतो. पण लॅटिन बोलणाऱ्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटलं नसतं.

आता प्रत्यक्ष दगडाकडे. ग्रीकांनी लिपी घेतली ती फिनिशियन लोकांकडून, आणि फिनिशियन लिखाण उजवीकडून डावीकडे जायचं. ग्रीकांचे सुरुवातीचे लेखही तसेच आहेत. मग मधल्या काळात बैलाची चाल दिसते, आणि इसवी सनापूर्वीच्या ५ व्या शतकापर्यंत डावीकडून उजवीकडे ही चाल बहुतेक ठिकाणी पक्की होते. क्रीट बेटावरच्या गोर्टिन या गावी मात्र त्याच शतकात भिंतीवर अख्खा कायदा बैलाच्या चालीने कोरला गेला. १२ स्तंभ, ६०० च्या वर ओळी, सगळी भिंत सुमारे ९ मीटर लांब. वारसा, घटस्फोट, व्यभिचार, दत्तक असे विषय. पुढे त्या दगडांची भिंत रोमन काळातल्या एका सभागृहाच्या बांधकामात वापरली गेली आणि त्यामुळेच टिकली. १८८४ साली फेदेरिको हाल्बहेर या इटालियन अभ्यासकाने ती उजेडात आणली.

अशा लेखासमोर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याची चूक ठरलेली असते. तो पहिली ओळ वाचतो, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला परत येतो आणि तिथे त्याला शब्दाचं शेपूट भेटतं. म्हणून आधी दिशा ओळखायची. त्यासाठी ग्रीक येत असणं जरुरीचं नाही. ओळीत एप्सिलॉन शोधायचं, म्हणजे इंग्रजी ई सारखं अक्षर: एक उभा दांडा आणि त्याला तीन दात. दात ज्या दिशेला, ओळ त्या दिशेला चालली आहे. एप्सिलॉन झिजलेलं असेल तर कप्पा, इंग्रजी के सारखा. त्याचे दोन हातही पुढेच पसरलेले असतात. कारण उलट जाणाऱ्या ओळीत अक्षरंसुद्धा आरशात पाहिल्यासारखी उलटी कोरलेली आहेत. बैलाने वळताना नुसतं पाऊल वळवलेलं नाही, तोंडही वळवलं आहे.

काही अक्षरांत मात्र हा फरक दिसतच नाही. टी सारखा ताउ, ओ सारखा ओमिक्रॉन, आय सारखा आयोटा, एक्स सारखा खी: ही अक्षरं मधोमध दुमडली तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात, म्हणून ती कुठल्याही ओळीत तशीच राहतात. दिशा शोधताना यांच्याकडे बघण्यात अर्थ नाही. बीटा, गामा, कप्पा, र्‍हो ही एकांगी अक्षरंच काय ते सांगतात.

देवनागरीत असं लिहायचं म्हटलं तर? करून पाहण्यासारखं आहे. पातळ कागदावर 'कि' लिहा आणि कागद पालटून उजेडावर धरा. वेलांटीची रेघ आता उजवीकडे गेलेली असते आणि तिचा पंखा डावीकडे अक्षरावर झुकलेला असतो. म्हणजे र्‍हस्व वेलांटीची दीर्घ झाली. बैल वळला की 'कि'ची 'की' होते आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. 'ठ' मात्र जवळजवळ तसाच राहतो. रोमन लिपीत एक कॅपिटल बी उलटा पडला तर तो फक्त विचित्र दिसतो, चुकून दुसरं अक्षर होत नाही. आपल्याकडे मात्रांमुळे अर्थच पालटायचा. तरी ब्राह्मीत हा प्रयोग झाला आहे. आंध्रातल्या येर्रागुडी इथल्या अशोकाच्या लघुशिलालेखात काही ओळी डावीकडून आणि काही उजवीकडून चालतात. भारतातल्या कोरीव लेखांत हा प्रकार अगदी वेगळा पडतो.

सगळ्यांची वळण्याची रीत एकच नव्हती. आजच्या तुर्कस्तानातल्या अनातोलियात दगडांवर सापडणाऱ्या लुवियन चित्रलिपीतही ओळी बैलाच्या चालीने जातात, पण तिथे माणसं आणि जनावरं यांची तोंडं ओळीच्या सुरुवातीकडे असतात. वाचणाऱ्याने त्यांच्या समोरून आत शिरायचं. एप्सिलॉनच्या दातांचा नियम इथे लावला तर अर्थ बरोबर उलटा लागेल. रोममध्ये १८९९ साली पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी यांना फोरम या प्राचीन चौकाच्या जमिनीखाली जो काळ्या दगडाखालचा लेख सापडला, त्यात ही चाल आडवी नसून उभी आहे. ओळ वर जाते, खाली येते.

सगळ्यांत चतुर तोड काढली ती रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरच्या लोकांनी. तिथल्या रोंगोरोंगो या चिन्हलिपीचे लाकडी फलक पंचवीसच्या आसपास उरले आहेत. १८६४ साली एझेन एरो या फ्रेंच धर्मोपदेशकाने त्यांची पहिली नोंद केली, आणि ही चिन्हं आजवर कुणाला वाचता आलेली नाहीत. दिशा मात्र कळली आहे. सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यातून. एक ओळ संपली की वरची ओळ डोकं खाली पाय वर अशी कोरलेली दिसते. म्हणजे वाचणाऱ्याने ओळ संपताच अख्खा फलक अर्धा वळसा फिरवायचा. मग पुढची ओळ सुलटी होते आणि पुन्हा डावीकडूनच वाचायची. अक्षर उलटं कोरायची भानगड नाही. इथे बैल जागच्या जागी आहे, शेत फिरवलं जातं. हातात मावणाऱ्या फळीला हे जमतं. गोर्टिनच्या भिंतीला कसं जमणार!

हा प्रकार का करत असतील याचं एक उत्तर नेहमी ऐकू येतं: कोरणाऱ्याचा हेलपाटा वाचतो. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरत गेल्यावर रिकाम्या हाताने परत कशाला यायचं? ऐकायला पटतं. पण गोर्टिनची ९ मीटरची भिंत १२ स्तंभांत वाटली तर एका स्तंभाला पाऊण मीटरच मिळतो. तेवढ्यात कुणाला पाऊल उचलावं लागत नाही, हात लांब केला की झालं. मला वाटतं, वाचला असेल तर डोळ्याचा हेलपाटा. ओळ संपल्यावर डोळा पुढच्या ओळीच्या आरंभाकडे झेप घेतो, आणि ओळ लांब असेल, दोन ओळींतलं अंतर कमी असेल, तर ही झेप चुकते. तीच ओळ पुन्हा वाचली जाते किंवा एक गाळली जाते. शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता सलग कोरलेल्या दगडावर तर ही चूक हमखास. बैलाच्या चालीत झेपच नाही, डोळा तिथल्या तिथे खाली उतरतो. त्याची भरपाई म्हणून प्रत्येक दुसऱ्या ओळीत उलटी अक्षरं ओळखायची. शाईने कागदावर भराभर लिहायची सवय लागल्यावर, आणि अरुंद स्तंभांमुळे झेप तशीही आखूड झाल्यावर, हा सौदा महागात पडला असणार.

इसवी सनाच्या २ र्‍या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी ऑलिंपियाच्या हेरा-मंदिरात ठेवलेल्या एका जुन्या पेटीचं वर्णन लिहितो. किप्सेलसची पेटी म्हणून ती ओळखली जायची. देवदारी लाकडाची, वर सोन्याच्या आणि हस्तिदंताच्या आकृत्या. तिच्यावरची काही अक्षरं सरळ चालली आहेत आणि काही 'बूस्ट्रोफीडन', असं तो सांगतो, आणि लगेच समजावतो: ओळीच्या टोकावरून दुसरी ओळ मागे फिरते, दुहेरी शर्यतीत धावतात तशी. ही शर्यत म्हणजे मैदानाच्या त्या टोकापर्यंत धावून खांबापाशी वळायचं आणि परत यायचं. गंमत बघा. बैलाचा शब्द समजावून सांगायला त्याला धावपटू आणावा लागला. अक्षरांची वळणं वाचायला अवघड आहेत अशी कुरकुरही तो करतो.

एवढं झाल्यावर ज्या नांगरावरून हे नाव पडलं तो नांगर नीट पाहायला हवा, कारण प्रत्येक नांगर या चालीने चालत नाही. प्राचीन ग्रीकांचा नांगर साधा होता: टोकदार फाळ माती चिरतो आणि दोन्ही बाजूंना सारखी सारतो. त्याला डावं-उजवं नाही. तो ताउ किंवा ओमिक्रॉन आहे. कुठूनही ओढा, तास तेच. युरोपात पुढे तिरप्या पंखाचा नांगर रुळला, इंग्रजीत ज्याला मोल्डबोर्ड म्हणतात. तो ढेकूळ उचलून उजव्या अंगाला पालथं घालतो. आता हा नांगर घेऊन बैलाच्या चालीने शेत नांगरून बघा. उत्तरेला जाताना माती पूर्वेकडे पडते. शेवटाला वळून पूर्वेच्या लगतच्या तासातून दक्षिणेला आलात तर उजवी बाजू आता पश्चिमेला, म्हणजे माती आधीच्या तासावर. दोन तासांमध्ये वरंबा. पुढच्या जोडीतही तेच. शेत सपाट होण्याऐवजी वरंबे आणि चर यांची रांग तयार होते.

म्हणून मोल्डबोर्डवाले शेताचे लांब पट्टे पाडायचे. पट्ट्याच्या एका कडेने जायचं, टोकाला आडवं रिकामं चालायचं, दुसऱ्या कडेने परत यायचं, असं आत किंवा बाहेर सरकत. टोकाचं हे रिकामं चालणं आणि वळणं जितकं कमी तितकं बरं, म्हणून तास लांबलचक. इंग्रजी 'फर्लांग' म्हणजे 'तासाची लांबी' एवढंच: २२० यार्ड, साधारण २०१ मीटर. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टा म्हणजे ४,८४० चौरस यार्ड, म्हणजेच एक एकर. एकराचा मूळ आकार चौकोनी डब्यासारखा नसून पट्टीसारखा आहे तो यामुळे.

पलटी नांगर आला तेव्हा बैलाची चाल परत आली. या नांगराला पंखांचे दोन संच असतात, एक माती उजवीकडे पालथी घालणारा, दुसरा डावीकडे. तास संपलं की सांगाडा फिरवून दुसरा संच खाली आणायचा. जाताना पूर्वेला पडलेली माती येतानाही पूर्वेलाच पडते, आणि लगतच्या तासातून परत येता येतं. गोर्टिनच्या कोरणाऱ्याने उलट ओळीत एप्सिलॉन पालटलं, तेच हे. अवजार दोन्हीकडून सारखं असेल तर वळणं फुकट पडतं. एकांगी असेल तर ते दर फेरीला पालटावं लागतं, नाहीतर रिकामा हेलपाटा सोसावा लागतो. चौथा मार्ग नाही. आणि ट्रॅक्टरला तर वळायलाच जागा लागते. अवजार ३ मीटर रुंद आणि वळण्याची त्रिज्या ५ मीटर असेल, तर अर्धा वळसा घेऊन तो १० मीटर पलीकडे उतरतो. शेजारच्या पट्ट्यात शिरायला त्याला मागेपुढे करावं लागतं. म्हणून चालक मधले पट्टे सोडून पुढचा धरतात आणि सोडलेले परतीच्या फेऱ्यांत भरून काढतात.

छपाईयंत्रातही हाच हिशेब. जुन्या ठिपक्यांच्या छपाईयंत्रांचं डोकं आधी एकाच दिशेने छापायचं आणि रिकामं परत यायचं. मग दोन्ही दिशांनी छापण्याची सोय झाली, वेळ वाचला, आणि तक्ते छापणाऱ्यांच्या लक्षात आलं की उभी रेघ ओळीगणिक दातेरी होते. आजच्या शाईच्या छपाईयंत्रात हे आकड्यांत मांडता येतं. समजा डोकं सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकतंय, कागद त्याच्यापासून १ मिलिमीटर खाली आहे आणि शाईचा थेंब सेकंदाला ५ मीटर वेगाने निघतो. थेंबाला कागदावर पोचायला ०.२ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात तो डोक्याच्या वेगानेच ०.१ मिलिमीटर पुढे वाहून जातो. परतीच्या फेरीत तेवढाच उलट बाजूला. दोन फेऱ्यांच्या रेघांत ०.२ मिलिमीटरची फट, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसते. जोडणीचं चाचणीपान छापून 'कुठल्या क्रमांकाच्या रेघा सरळ जुळल्या' असं यंत्र विचारतं ते हीच फट मोजायला. कागद जाड असेल तर अंतर बदलतं आणि जुळणी पुन्हा करावी लागते. रंगांचं दुखणं वेगळंच: जाताना निळा आधी आणि पिवळा नंतर पडत असेल, तर येताना पिवळा आधी पडतो. एकावर एक पडण्याचा क्रम पालटला की सपाट रंगात फिकट-गडद पट्टे येतात. छायाचित्र छापताना 'दोन्ही दिशांनी' ही खूण काढून टाकायला सांगतात ते उगाच नाही.

फरशी झाडणाऱ्या रोबोंच्या शास्त्रात तर हा शब्द अधिकृतच झाला. खोलीत खांब, खाटा, टेबलं असतात. सरळ येरझारा घालत जाणारी रेघ अडथळ्याशी दुभंगते. मग अडथळा जिथे सुरू होतो तिथे मोकळ्या जागेचे दोन तुकडे करायचे, संपतो तिथे पुन्हा एक करायचा, आणि प्रत्येक तुकडा बैलाच्या चालीने उरकायचा. १९९७ साली हॉवी चोसेट आणि फिलिप पिन्यों यांनी ही रीत मांडली तेव्हा तिच्या नावात 'बूस्ट्रोफीडन' घातलं. वळणं मोजली की दिशेचं महत्त्व कळतं. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद खोली आणि ३० सेंटिमीटरचा झाडू: लांबीच्या दिशेने गेलात तर १० फेऱ्या, ९ वळणं, रुंदीच्या दिशेने २० फेऱ्या, १९ वळणं. झाडायचं अंतर दोन्हीकडे तेवढंच. पण प्रत्येक वळणावर यंत्र थांबतं, फिरतं आणि दिशेत किंचित चुकतं. फर्लांगभर तास ओढणाऱ्याला हे आधीच माहीत होतं.

आकडे मांडताना मात्र बैलाची चाल फुकट मिळते, कारण सापशिडीच्या घरातला १३ उलट्या रांगेत असला तरी १३ च लिहितात. प्रत्येक घर आपल्यापुरतं सुलटं असतं. फायदा असा की लागोपाठचे आकडे कायम एकमेकांना चिकटून राहतात. अमेरिकेत सरकारी जमीनमोजणीत ६ मैल लांब-रुंद चौकोनाचे ३६ भाग पाडतात, प्रत्येक ६४० एकरांचा. १ क्रमांक ईशान्य कोपऱ्यात, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, ७ त्याच्या खाली, मग पूर्वेकडे, असं करत ३६ आग्नेय कोपऱ्यात. १७८५ च्या पहिल्या कायद्यात क्रमांकांची चाल वेगळी होती. ही चाल १७९६ मध्ये आली. कॅनडाच्या पश्चिम भागातही असेच ३६ भाग आणि हीच नागमोडी, पण तिथे १ आग्नेय कोपऱ्यात असतो आणि ३६ ईशान्येला. एकाची सवय घेऊन दुसऱ्याचा नकाशा वाचला तर माणूस भलत्याच्याच जमिनीत उभा राहतो. अमेरिकन दंतवैद्यही दात असेच मोजतात: वरची उजवी अक्कलदाढ १, वरची डावी १६, तिच्या बरोबर खालची १७ आणि खालची उजवी ३२.

घरच्या घरी हा शब्द भेटतो तो एलईडी दिव्यांचा फलक जोडताना. ८ रांगा, ८ स्तंभ. एकच पट्टी नागमोडी वळवून चिकटवली तर वायर वाचते, म्हणून पहिल्या रांगेत दिवे डावीकडून ० ते ७ आणि दुसऱ्या रांगेत उजव्या टोकाला ८, डाव्या टोकाला १५. रांगा आणि स्तंभ शून्यापासून मोजले, तर सम रांगेत दिव्याचा क्रमांक म्हणजे रांग गुणिले ८, अधिक स्तंभ. विषम रांगेत रांग गुणिले ८, अधिक ७, वजा स्तंभ. रांग ३, स्तंभ २ असेल तर २४ अधिक ५, म्हणजे २९. विषम रांगेचा हा फरक विसरला की २६ वा दिवा लागतो आणि ठिपका डावीकडे हवा तो उजवीकडे दिसतो. चाचणीसाठी बरेच जण गोल किंवा फुली काढून बघतात, आणि नेमकं तेच करायचं नाही. गोल दोन्हीकडून सारखा, म्हणून चूक असूनही चित्र अगदी बरोबर दिसतं. इंग्रजी ई काढा: उभा दांडा अर्धा डाव्या कडेला, अर्धा उजव्या कडेला असा फाटून दिसला की समजायचं, विषम रांगा पालटायच्या राहिल्या. गोर्टिनच्या भिंतीवर दिशा सांगणारं अक्षर इथेही तेच काम करतं.

राहिलं ग्रीकांचं पहिलं अक्षर, अल्फा. फिनिशियन लोकांकडून येताना त्याचं नाव 'आलेफ' होतं, आणि आलेफ म्हणजे बैल. आकारही बैलाच्या तोंडाचा: एक त्रिकोण आणि दोन शिंगं, कुशीवर पडलेलं. ग्रीकांनी ते उभं केलं तेव्हा शिंगं खाली आली आणि त्यांचे पाय झाले. आजचा इंग्रजी ए उलटा धरला की शिंगं पुन्हा वर येतात. आणि हे अक्षर मधोमध दुमडलं तर दोन्ही बाजू जुळतात. ओळ इकडे जावो की तिकडे, एप्सिलॉनला तोंड फिरवावं लागतं, कप्पाला फिरवावं लागतं. बैल मात्र दोन्ही ओळींत तसाच उभा असतो.